आपण त्यांचे गिऱ्हाईकच होतो

यावल तालुका
६ मार्च २०१६

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललीस ते मनातून जात नाही, म्हणून कागद घेऊन बसले. फोनवर मला इतकं सुचत नाही, आणि तुझ्यामागं सारखी ऑफिसची घाई. ठिबक सिंचनाच्या नळ्या करणारे जळगावचे भवरलालजी जैन गेले, तेव्हा तुझे पप्पा तिथं जैन हिल्सला जाऊन आले, दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं मी सांगितलं. तर तू म्हणालीस, "आई, भवरलालजी आपले कोण? आपण त्यांचे गिऱ्हाईक. नळ्या त्यांनी विकल्या, पैसे आपण मोजले. हिशेब तिथंच मिटला."

पैसे मोजले हे खरं आहे. सोसायटीचं कर्ज काढून मोजले आणि ते फेडायला तीन बागांचं उत्पन्न गेलं. पण हिशेब मिटला म्हणतेस, ते मला पटत नाही. का पटत नाही, ते तुला सांगायला हवं, कारण तू तेव्हा तीन वर्षांची होतीस.

तुला आपलं शेत आठवतं ते नळ्यांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा दंडानं, म्हणजे मातीच्या पाटानं पाणी होतं. लाइट रात्रीची. तुझे पप्पा आणि मी बाराच्या सुमाराला पाणी भरायला निघायचो. ते फावडं घेऊन पुढं, मी बॅटरी घेऊन मागं. केळीची बाग रात्री कशी असते तुला माहीत नाही. वाळलेली पानं लोंबत असतात, खाली ओल, आणि त्या ओलीला परड, विषारी साप, येऊन बसते. बॅटरीचा उजेड मी पाण्यावर कमी आणि त्यांच्या पायांवर जास्त धरायचे. एक वाफा भरला की फोड, दुसरा भरला की फोड. मध्येच लाइट गेली तर बांधावर बसून राहायचं. तू पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत मी गेले आहे. आणि एवढं करून विहीर उन्हाळ्यात तळ दाखवायची. मग विहिरीत आडवे बोअर, मग उभे बोअर, मग ते शेकडो फूट खाली. आपल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात हे घरोघरी झालं.

१९९६ ला तुझ्या पप्पांनी दोन एकरांवर ठिबक बसवायचं ठरवलं. आजोबांनी घर डोक्यावर घेतलं. "केळीच्या बुडाला पाणी खळखळलं पाहिजे. हे काय, डोळ्यात औषध घातल्यासारखं!" त्यांचं चुकत होतं असं कसं म्हणू? त्यांनी सगळा जन्म तशीच केळी पिकवली होती. बसराई जातीची केळी लावायची, कंद शेजारच्या बागेतून आणायचे, अठरा महिने वाट बघायची.

नळ्या अंथरल्या आणि पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडला ती सकाळ मला आठवते. आधी नळीतून हवा फुसफुसली. मग बराच वेळ काहीच नाही. आजोबा बांधावर उभे, काही न बोलता. मी एका झाडापाशी उकिडवी बसले आणि ड्रिपरखाली तळहात धरला. एक थेंब पडला. मग दुसरा. हात काढला तर मातीवर रुपयाएवढा ओला ठिपका. तासाभरानं बघितलं तर तो परातीएवढा झाला होता आणि चारी बाजूंची माती कोरडी होती. मला खरंच रडू आलं. मला काही शास्त्र समजलं म्हणून नव्हे. मला एवढंच कळलं, की आता रात्री फावडं लागणार नाही.

आजोबांनी मात्र पुढं एक गंमत केली. कडेच्या दोन ओळींना ते गुपचूप दंडानं पाणी देत राहिले. ती झाडं तरी जगतील, असं त्यांना वाटत होतं. तीन-चार महिन्यांनी त्या दोन ओळींत गुडघाभर तण होतं आणि ठिबकच्या ओळी बुंध्यानं जाड झाल्या होत्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. एक दिवस दंडाचं तोंड बुजवलेलं दिसलं, इतकंच. नंतर जाईपर्यंत रोज सकाळी ते नळीवरून हात फिरवत बागेत फिरायचे, कुठला ड्रिपर बंद आहे का बघायला.

बंद पडायचेच. आपल्या पाण्यात क्षार, पहिल्याच वर्षी निम्मे ड्रिपर बुजले. तेव्हा गावातले लोक हसले होते. जैन कंपनीचा एक तरुण मुलगा आला, नळीची टोकं उघडून फ्लशिंग कसं करायचं, अॅसिड किती सोडायचं, किती वेळ ठेवायचं, सगळं त्यानं मलाच दाखवलं, कारण तुझे पप्पा त्या दिवशी भुसावळला गेले होते. बाईला काय कळतंय, असं त्यानं धरलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण व्हेंचुरीतून, म्हणजे पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून, खत मीच सोडते हे तू बघितलंच आहेस. ते काम त्या दिवशी माझ्याकडे आलं ते आजपर्यंत. माल विकला की दुकानदाराचा आणि आपला संबंध संपतो, हेच आम्हाला माहीत होतं. बियाणं उगवलं नाही तर दुकानदार पावती बघायलाही तयार नसतो, हे आपण भोगलं आहे. इथं विकल्यानंतर माणूस बांधावर आला. ही शिकवण वरून आल्याशिवाय खाली येत नाही, असं मला वाटतं.

मी भवरलालजींना कधी भेटले नाही. पण जळगाव जिल्ह्यात त्यांची गोष्ट माहीत नाही असं घर विरळा. त्यांचे पूर्वज राजस्थानच्या वाळवंटातून पाण्याच्या शोधात आले आणि अजिंठ्याच्या वाटेवर वाकोदला राहिले. तिथंच १९३७ साली यांचा जन्म. कायद्याचं शिक्षण झालं, सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली होती. आईचा सल्ला घेतला आणि ती नाकारली. १९६३ साली घरातल्या साठवणुकीचे सात हजार रुपये घेऊन हातगाडीवर रॉकेल विकायला सुरुवात केली. वकिली शिकलेला माणूस जळगावात हातगाडीवर रॉकेल विकतो, हे त्या काळी लोकांनी कसं बघितलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. मग खतं, बियाणं, ट्रॅक्टर, पाइप यांच्या एजन्सी. १९७८ साली केळीची पावडर करणारा बंद पडलेला कारखाना तीस लाखांना घेतला आणि तिथं पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम काढून परदेशी पाठवलं. ठिबक त्यानंतरचं.

पुढं ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली केळीची रोपं आली. ग्रँड नैन जातीची. पिशवीतलं रोप सगळं एका उंचीचं, एका वयाचं. आपली बाग अठरा महिन्यांवरून बारा महिन्यांच्या आत आली आणि सगळे घड एकाच वेळी निसवायला, म्हणजे बाहेर पडायला लागले. आधी आपला घड चौदा-पंधरा किलोचा भरायचा, तो बावीस-तेवीसवर गेला. तुझ्या इंजिनिअरिंगची फी कुठून आली असं तुला वाटतं? केळीच्या कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेच्या, दोन कापण्यांतून आली.

सगळं गोड गोड लिहीत नाही. ठिबक सगळ्यांना परवडलं नाही. ज्याला कर्ज मिळालं, त्याचं शेत सुधारलं. आणि पाणी वाचलं तर आपण काय केलं? आणखी दोन एकर केळी लावली. आपल्यासारखंच सगळ्यांनी केलं आणि बोअर खोल जातच राहिले. तो दोष नळीचा नाही, आपल्या हावेचा आहे. तुझे पप्पाही हे मान्य करतात.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत मोठी वाटते. नव्वदच्या दशकात त्यांच्या कंपनीनं भलत्याच धंद्यांत पैसा घातला, वित्तपुरवठा, ग्रॅनाइट असलं काहीबाही. पार बुडायची वेळ आली. तेव्हा त्यांनी चूक आपली आहे म्हणून भागधारकांची जाहीर माफी मागितली. तुझे पप्पा ती बातमी ग्रामपंचायतीत वाचून आले आणि आजोबांना म्हणाले, "एवढा मोठा माणूस चुकलो म्हणतो." आजोबा बराच वेळ गप्प बसले. आणि त्याच रात्री त्यांनी ते दोन ओळींचं गुपित आम्हाला सांगितलं. दोन वर्षं मनात ठेवलं होतं. आम्हाला माहीत होतंच, पण आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

एकदा आमचा महिला गट सहलीला जैन हिल्सवर गेला होता. शिरसोलीच्या रस्त्याला. पूर्वी तिथं उघडा खडकाळ डोंगर होता, आता चढावर चढावर झाडं, आणि पावसाचा थेंब न् थेंब अडवून साठवलेली तळी. मी एका तळ्याच्या काठी उभी राहिले तर बरोबरच्या बाया पुढं निघून गेल्या. मनात म्हटलं, ज्याच्या घराण्यानं पाण्यापायी गाव सोडलं, त्यानंच हे करावं. तिथं वर गांधीतीर्थ, गांधीजींवरचं संग्रहालय आहे. २५ मार्च २०१२ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांनी त्याचं उद्घाटन केलं, त्याही आपल्या जळगावच्याच. भवरलालजींनी गरीब घरच्या मुलांसाठी जळगावात इंग्रजी शाळा काढली, अनुभूती. २००८ ला पद्मश्री मिळाली. एवढं सगळं होऊन माणूस जळगाव सोडून गेला नाही. मुंबईला कचेरी थाटून बसला असता तर कोण काय म्हणणार होतं? पळसखेडचे कवी ना. धों. महानोर त्यांचे जिवाभावाचे मित्र. दोघं एकाच मातीतले, एकाच दुष्काळात वाढलेले. भवरलालजींच्या पत्नी कांताबाई २००५ ला गेल्या, तर त्यांच्यावर भवरलालजींनी पुस्तक लिहिलं. धंद्यातला माणूस बायकोवर पुस्तक लिहितो, हे मला तुझ्या पप्पांना मुद्दाम सांगावं लागलं.

२५ फेब्रुवारीला मुंबईत भवरलालजी गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बातमी आली तेव्हा तुझे पप्पा बागेत होते. ते घरी आले, हातपाय धुतले, आणि जळगावला निघाले. मी विचारलं, सोबत कोण? तर म्हणाले, गावातले सतरा जण आहेत. त्यांतला एकही भवरलालजींशी कधी शब्द बोललेला नव्हता. सगळे गिऱ्हाईकच.

आता तुझ्या वेफर्सच्या धंद्याचं. नोकरी सोडून तुम्ही तिघी मैत्रिणी केळीचे वेफर्स करणार म्हणतेस, मला आनंदच आहे. पप्पा घाबरले आहेत, पण ते होतील तयार. कच्ची केळी आपल्या भागातून घेणार, हेही चांगलं. फक्त तू जे म्हणालीस ना, की "त्या दिवशी भाव पडला असेल तर स्वस्तात उचलू," तिथं मी थांबले. तुला आठवत असेल, रावेरचा भाव रोज जाहीर होतो आणि व्यापारी बांधावर येऊन त्याच्याही खाली मागतो. माल पिकत असतो, ट्रक दारात उभा असतो, आणि तुझे पप्पा मान खाली घालून हो म्हणतात. किती वेळा बघितलं आहेस तू ते. पांढऱ्या कांद्याच्या करार शेतीत जैनांनी किमान भाव आधी ठरवून दिला होता. बाजार कोसळला तरी शेतकऱ्याला तेवढा मिळणार. त्यात त्यांचाही फायदा होता, कारखान्याला चांगला कांदा हवा होता. फायदा घेऊ नको असं मी कुठं म्हणते? तू पहिल्या वर्षी पाचच शेतकरी घे. लागवडीच्या आधी भाव कागदावर लिहून दे आणि सही कर. तेवढं केलंस तर पहिला कागद आपल्याच बागेचा कर. पप्पांना सही करताना मला बघायचं आहे.

उद्या महाशिवरात्र, उपासाची केळी उतरवून ठेवली आहेत. भाऊबंदांतला एक मुलगा गुरुवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दोन फण्या, भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ पाठवते. वांगी लगेच भाज, ठेवून देऊ नकोस. कच्च्या केळीची एक फणी वेगळी बांधली आहे, ती तळून बघ आणि तेल किती पितात ते मला कळव. या आठवड्यात लाइट रात्रीची आहे, पण आता घरातून मोबाइलनं मोटर चालू होते, तेव्हा झोपेची काळजी करू नकोस. तिसऱ्या व्हॉल्व्हची वायसर गळते आहे, ती सकाळी बदलते.

तुझी,
आई