बाबा, तुम्ही त्या रात्री रडला नव्हतात

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायचं म्हणून तीनदा फोन लावला आणि तीनही वेळा पाऊस किती झाला, लावणी झाली का, आईच्या गुडघ्याला तेल लावता का एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून शेवटी पत्र. सोबत जाड पाकिटात ११ पानं आहेत, ती आधी वाचू नका, आधी हे वाचा. अक्षर मोठं करून प्रिंट काढलंय, बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी बारीक अक्षरावर डोळे ताणू नयेत असं डॉक्टरांनी सांगितलंय ना.

बाबा, आठवतंय का, २०२२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी संपाला ४० वर्षं झाली तेव्हा मी फेसबुकवर एक पोस्ट लिहिली होती. १८ जानेवारी १९८२, गिरण्या बंद, अडीच लाख कामगार बाहेर, आणि त्या रात्री माझे बाबा रिकाम्या डब्याकडे बघत रडले, असं. खूप लोकांनी वाचली ती, शेअर केली, ऑफिसमधल्या एकीने तर माझा हात धरला आणि तिच्याच डोळ्यात पाणी आलं. मग चार दिवसांनी दादाच्या पोराने गावाला तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवली आणि रात्री तुमचा फोन आला. रागावला नव्हता तुम्ही. एवढंच विचारलंत, "बाय, मी कधी रडलो गो?" आणि मी काय म्हणाले, तर अहो बाबा, लिहिताना तसं लिहावं लागतं.

त्या वाक्याची मला लाज वाटते बाबा. तीन वर्षं झाली, अजून वाटते. तुम्ही "बरं" म्हणालात आणि आईकडे फोन दिलात.

मी नंतर खूप आठवून बघितलं, खरंच त्या रात्री काय झालं होतं. मी नऊ वर्षांची, चौथीत. तुम्ही घरी आलात, डबा घासलात, पालथा घातलात, स्टोव्ह भडकत होता त्याला पिन मारलीत, जेवलात आणि सतरंजी घेऊन गॅलरीत झोपायला गेलात. बाहेर चाळीत सगळे जोरजोरात बोलत होते आणि जवळजवळ खुशीतच होते, महिन्याभरात मिटेल, फार तर दोन महिने, डॉक्टर सामंत पुढारी आहेत म्हटल्यावर पगारवाढ घेऊनच आत जायचं. रडायचं कारणच नव्हतं त्या रात्री! पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं. हा संप रीतसर मागे घेतलाच जाणार नाही, गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहतील, हे सगळं नंतर कळलेलं, आणि ते नंतरचं दुःख मी ४० वर्षं मागे नेऊन तुमच्या डोळ्यात घातलं. तुम्हाला न विचारता. कारण रडणारा बाप लोकांना लगेच कळतो, स्टोव्हला पिन मारणारा बाप कळायला थोडं थांबावं लागतं, आणि मला थांबायचं नव्हतं.

त्या पोस्टनंतर मी अजून चार-पाच लिहिल्या. लोक म्हणायचे किती प्रामाणिक लिहितेस, मन उघडं करून लिहितेस. आणि दर वेळेस मी थोडं जास्त उघडं करायचे, एकदा तर आई उपाशी झोपायची असं लिहिलं. आई, तू ते वाचलं नाहीस, तुला कोणी दाखवलं नाही, आता मी सांगते. तू उपाशी झोपल्याचं मला आठवत नाही. पेज असायची, सुकटाची चटणी असायची, कधी नुसता भात आणि मीठ. तू खाणावळ चालवत होतीस, सात माणसं जेवायची आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, आणि संपात त्यातले चार जण गावाला निघून गेले, तरी उरलेल्या तिघांना तू शेवटपर्यंत उधारीवर जेवायला घातलंस. हे मी लिहिलंच नव्हतं. उपाशी आई लिहिली. खरी गोष्ट जास्त मोठी होती आणि मी तिच्या जागी स्वस्तातली ठेवली.

आता या ११ पानांबद्दल. एका दिवाळी अंकाने संपावर आठवणीचा लेख मागितलाय. तुम्हाला माहितीये माझ्यासाठी दिवाळी अंकात येणं म्हणजे काय, बाबा वाचनालयातून दिवाळी अंक आणायचे आणि पानं दुमडायची नाहीत म्हणून मला हात धुऊन बसायला लावायचे. तर मी लेख लिहिला, १८ पानं झाली, मोर्चे, लाल बावटे, तुम्ही नारायण सुर्व्यांना ऐकायला मला खांद्यावर बसवून नेलंत ते, सगळं होतं त्यात. संपादक बाई म्हणाल्या, छान आहे, वडील खूप छान आलेत, पण ती मुलगी कुठेय? मी म्हटलं मुलगी म्हणजे मी, मीच तर सांगतेय. त्या म्हणाल्या, सांगतेयस पण दिसत नाहीस, ती काय करत होती तेव्हा?

रात्रभर झोप आली नाही. कारण ती मुलगी काय करत होती ते मला पक्कं माहीत होतं.

ती खोटं बोलत होती. पाचवीत नव्या शाळेत गेल्यावर बाईंनी एकेकीला उभं करून वडील काय करतात विचारलं, आणि मी म्हणाले बँकेत आहेत. माझ्या पुढच्या बाकावरची पण गिरणी कामगाराचीच होती, ती उठून सरळ म्हणाली, संपावर आहेत. मला अजून तिची पाठ आठवते, वेणीची रिबीन आठवते. मी बँक म्हणाले.

आणि दुसरं. हे आजपर्यंत आपण कधीच बोललो नाही. लालबागला चिवडा गल्लीच्या तोंडाशी तुम्ही गोणपाट टाकून बसला होतात, लिंबं आणि कोथिंबीर. मला घरात माहीत होतं तुम्ही सकाळी सातच्या पाळीला निघावं तसे निघता आणि काहीतरी विकता, पण बघितलं नव्हतं. त्या दिवशी शाळा लवकर सुटली, बरोबर तिघी मैत्रिणी होत्या. तुम्ही मला बघितलंत, मी तुम्हाला बघितलं, आणि मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. मैत्रिणींना म्हटलं, इकडून जाऊ, इकडे सावली आहे. आणि मी वळून बघितलं तेव्हा तुम्ही मान खाली घातली होती आणि कोथिंबिरीची जुडी बांधत होतात, म्हणजे मला अवघडू नये म्हणून तुम्हीच मला ओळख दाखवली नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर मला जवळ बसवून पाढे घेतलेत. तेराचा. रोजच्यासारखे.

बाबा, रडली होती ती मी. संडासाच्या रांगेत उभी राहून, त्याच रात्री. मग पोस्ट लिहिताना ते रडणं मी तुमच्या नावावर टाकलं, कारण माझ्या नावावर टाकलं असतं तर का रडलीस ते पण सांगावं लागलं असतं. एवढं साधं आहे हे, पण माझ्या लक्षात यायला बायकांनी हात धरून झाले, तुमचा फोन येऊन झाला, १८ पानं लिहून झाली.

मी आधी यातून पळायची वाट पण शोधली. म्हटलं 'ती मुलगी' असं लिहू, मी म्हणायलाच नको. दया पवारांनी 'बलुतं' मधे केलंच आहे तसं, दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेत. मग ते परत काढून वाचलं तेव्हा कळलं की तिथे तो लपायला दुसरा माणूस करत नाहीये, उलट जो शहाणासुरता झालाय त्याला समोर बसवून सगळं ऐकायला लावतोय. माझी 'ती मुलगी' नुसता पदर होता तोंडावर घ्यायला. खोडून टाकलं, मी लिहिलं. मी रस्ता ओलांडला. तीन शब्द, आणि ते टाईप करायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

आई, तुझं म्हणणं मला माहितीये, घरातलं चव्हाट्यावर कशाला. मी त्यावर खूप विचार केलाय गं, उगाच लेखिका झाले म्हणून सगळं माझ्या मालकीचं असं मला वाटत नाही. माझी लाज माझी आहे, ती मी सांगू शकते. तुमचं जे आहे ते तुमचं. म्हणून १८ ची ११ पानं झालीयत. एक अख्खं प्रकरण काढलंय, कशाबद्दल ते तुला कळेल, इथे पण लिहीत नाही, आणि संपादकांना पण सांगितलेलं नाही की असं काही होतं.

पण तुझी वही ठेवलीय, ती मात्र विचारून. मागच्या मे मधे मी माळ्यावरून काढली ती खाणावळीची वही. तुझं चौथीपर्यंतचं अक्षर, ओळ चढत जाणारी. तांदूळ ५ किलो, उधार. रॉकेल नाही. पाटील ११ रु. बाकी, मागायचे नाहीत. आणि एका पानावर बांगडी १, १,४०० रु., आणि लगेच खालच्या ओळीत बाय वह्या पट्टी कंपास. बस. मी इतकी वर्षं लिहितेय, मला एवढं सरळ एक पान लिहिता आलेलं नाही, तू कोणाला दाखवायला लिहीत नव्हतीस, कोणी वाईट वाटून घ्यावं म्हणून पण लिहीत नव्हतीस. "मागायचे नाहीत" हे वाचून मी माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. मला ते पान लेखात जसंच्या तसं हवंय, पाटलांचं नाव बदलून. नको म्हणालीस तर नाही.

'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबी कांबळेंबद्दल मी तुला सांगितलं होतं ना, फलटणला छोटं दुकान होतं त्यांचं, गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या आणि घरच्यांपासून वह्या लपवून ठेवायच्या, २० वर्षं. त्यांना लपवावंच लागत होतं. माझ्याकडे डोंबिवलीत स्वतःची खोली आहे, लॅपटॉप आहे, नवरा चहा आणून देतो, मुलं विचारतात काय लिहितेस. मला कोणापासूनच वही लपवायची गरज नाही आणि मी वहीतच लपत होते. त्या बाईचा विचार आला की मला सारवासारव करून लिहायचा हक्क नाही असं वाटतं.

आता कसं लिहिते ते पण सांगते, म्हणजे बाबांना बरं वाटेल. एक पान झालं की मोठ्याने वाचते, बाबा समोर बसलेत असं धरून. जिथे तुम्ही "मी कधी?" म्हणाल असं वाटतं तिथे थांबते. बहुतेक वेळा तिथे एखादं फार छान वाक्य असतं. ते काढते. आणि जिथे वाचताना माझाच आवाज बारीक होतो, पटकन पुढे जावंसं वाटतं, तिथे परत मागे येते, कारण तिथे काहीतरी राहिलेलं असतं. रस्ता ओलांडल्याचा परिच्छेद असाच आलाय, सात वेळा मागे येऊन. भीती जात नाही पण. आत्तासुद्धा हे पाकीट बंद करताना पोटात गोळा आहे, तुम्हाला वाटेल पोरीला आपली लाज वाटत होती. वाटत होती, बाबा. नऊ-दहा वर्षांची असताना वाटत होती. ते खोडलं तर पुढचं सगळं, म्हणजे मला तुमच्याबद्दल जे वाटतं ते, कोणी का खरं मानावं? तुम्ही तरी का मानावं?

तर पानं वाचा. दादाच्या पोराकडून वाचून घेऊ नका, हे तुम्ही दोघांनीच वाचा, आई तू मोठ्याने वाच आणि बाबा ऐकतील. लाल पेन्सिल पाकिटातच टाकलीय. तुमच्याबद्दल जे नको असेल त्यावर आडवी रेघ मारा, कारण सांगायची गरज नाही, मी काढीन. चूक असेल तर बाजूला बरोबर काय ते लिहा, विशेषतः साचेखात्यातलं, म्हणजे तुमच्या मागावरच्या कामाचं, तुम्ही कधी बदलीवर होतात आणि कधी कायम झालात त्यात माझा घोळ आहे. फक्त माझ्याबद्दलचं वाईट कमी करू नका. मला माहितीये बाबा तुम्ही ते करायला जाल. आणि सगळंच छापायला नको असं वाटलं तर तसंही कळवा, मी बाईंना नाही म्हणून सांगेन, वाईट वाटेल मला, खूप वाटेल, पण सांगेन.

एक गोष्ट मात्र मला तुमच्याकडून हवीय. लेखात कोथिंबिरीच्या जुडीबद्दल लिहिलंय. त्या दिवशी पलीकडच्या फुटपाथवरून मी बघितलं की तुम्ही जुडी बांधताना साच्यावर तुटलेला धागा जोडायची गाठ मारत होतात, एका हाताने, न बघता. शेजारचे सगळे दोनदा गुंडाळून पीळ देत होते, तुमची एकट्याची गाठ होती. ती गाठ मला लिहिता येत नाहीये. अंगठा आधी खाली जातो की बोट वरून येतं, आणि टोक कुठून बाहेर काढायचं, चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा खोटं वाटलं. गणपतीला येतेच आहे, तेव्हा सुतळी घेऊन बसू. हळू करून दाखवा.

तुमची,
बाय