आधी खुर्ची, मग खोकं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. पक्ष्यांचे फोटो काढायला लपून बसायचं जे खोकं असतं, त्या लपणाचा तू मागितलास नकाशा आणि मी पाठवतोय हे पुराण, त्याला कारण आहे. नकाशा माझ्याकडेही होता. मापं घातलेला, दोन रंगांच्या पेन्सिलींनी काढलेला. त्याच्याबरहुकूम मी लपण बांधलं, आणि पहिल्याच पहाटे आत जाऊन बसलो तेव्हा कळलं, की पाण्याचा काठ बघायचा तर बैठक मारताना मध्येच थांबल्यासारखं अर्धवट उभं राहावं लागतंय. खिडकी मी डोळ्यांच्या उंचीवरच कापली होती रे. फक्त माप घेताना मी उभा होतो.

म्हणून आधी खुर्ची आण. आणि लेका, ती कुरकुरणारी नको. माझी प्लॅस्टिकची होती, जरा कूस बदलली की किर्र करायची. खुर्चीत बस, पण फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा ताठ नको. दोन तासांनी माणूस जसा ढेपाळून बसतो, तसा बस. मग जमिनीपासून डोळ्यापर्यंत कुणाकडून तरी टेप लावून घे. माझं ताठ बसून 47 इंच भरलं, ढेपाळून 44. त्या तीन इंचांपायीच माझी मान दोन दिवस आखडली होती. कॅमेरा डोळ्याच्या जरा खाली राहतो हे धरून मी आता खिडकी 34 इंचांवर सुरू करून 46 वर संपवलीय. रुंदी दोन फूट. जास्त रुंद केलीस तर आत उजेड शिरतो आणि तू बाहेरून दिसायला लागतोस.

तू लिहिलंस की हे सगळं शिकाऱ्यांचं तंत्र. खरंय, खोकं तेच, आत बंदुकीच्या जागी कॅमेरा एवढाच फरक. कॅमेरावाल्यांनीही यात कमी उद्योग केलेले नाहीत. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी आतून पोकळ असा खोटा बैल करून घेतला होता आणि त्याच्या पोटात शिरून ते बसत. मला बैलाच्या पोटात बसावं लागत नाही, यातच मी खूश आहे.

आता लाकूड. पैसा वाचवायचा तो सांगाड्यात वाचव, प्लायच्या कडांमध्ये नको. सांगाड्याला मी मालाच्या पेट्यांखाली असतात ती पॅलेट्स फोडली. त्यांच्यावरचा शिक्का बघ: 'एचटी' असेल तर लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं असतं, ते खुशाल घे. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. त्या फळ्यांना हात लावू नकोस. फोडताना पहारीने उचकटशील तर फळी चिरते. सांध्याच्या फटीत लोखंड कापायच्या करवतीचं पातं घालून खिळेच कापून टाक. वेळ लागतो, पण फळी अखंड मिळते. नव्या लाकडाचा खर्च वाचला, त्याच्या बदल्यात माझी एक अख्खी सुट्टी आणि डाव्या अंगठ्याचं नख गेलं.

प्लायचे 8 बाय 4 फुटांचे चार तक्ते घेतले, 12 मिलिमीटर जाडीचे. इथे मी फार हुशारी केली होती. प्रत्येक तक्ता 6 फुटांवर कापला की चार भिंती झाल्या. उरले 4 बाय 2 चे चार तुकडे: दोन जोडून जमीन, दोन जोडून छप्पर. कचरा शून्य! कागदावर हे इतकं चोख बसलं की मी आनंदाने चहा केला. भिंती उभ्या करून छप्पर वर ठेवलं, तर ते आखूड. इंचभर नव्हे, त्याहूनही थोडं जास्त. टेप लावून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. मग उजेड पडला. पुढची आणि मागची भिंत बाजूच्या भिंतींच्या कडांवर बसते, म्हणजे पुढून मागपर्यंतचं अंतर दोन्हीकडच्या जाडीने वाढलं, 24 मिलिमीटरनी. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून मागची बाजू सहा इंच खाली घेतली होती, आणि उतारावरचं अंतर सपाट अंतरापेक्षा जास्तच भरणार. शाळेत कर्ण शिकलो तो कशासाठी!

त्या छपराला पागोळीपुरताही कोपरा बाहेर नव्हता, त्यामुळे पाणी थेट भिंतीच्या वरच्या कडेत शिरलं असतं. शेवटी जुना पन्हळी पत्रा वर टाकला, चारही बाजूंनी वीतभर बाहेर काढून. पत्र्यावर पाऊस पडला की आत ढोल वाजतो, म्हणून पत्रा आणि प्लाय यांच्यात जुनी गोणपाटं अंथरली. तू शहाणा असशील तर सुरुवातीपासून छपरासाठी पत्राच धर आणि उरलेल्या तुकड्यांतून खिडकीची झाकणं आणि एक फळी काढ. ती फळी पाण्याची बाटली ठेवायला लागते. मांडीवरची बाटली नेमकी ऐन वेळेला घरंगळते.

सांगाडा जमिनीवर मांडून स्क्रू पिळण्याआधी दोन्ही कर्ण मोज. 4 बाय 4 ची चौकट असेल तर दोन्हीकडे 68 इंचांना जेमतेम कमी भरलं पाहिजे. एक कर्ण जास्त भरला तर त्या कोपऱ्यांवर हलकेच ठोकून चौकट दाब, आणि गुण्यात, म्हणजे काटकोनात, आली की लगेच एक तिरकी पट्टी मारून टाक. तिरकी पट्टी नसेल तर खोकं वाऱ्यावर डुलतं. खिळ्यांऐवजी स्क्रूच वापर, कारण हे पुढे सोडवायचं आहे. स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाड, नाहीतर पॅलेटचं वाळलेलं लाकूड टोकाशी हमखास फाटतं. भिंती मी घरी तयार केल्या आणि जागेवर नटबोल्टने जोडल्या. एका भिंतीचा नुसता प्लायच साधारण 16 किलोचा भरतो; भिंत दोघांनी नीट उचलता येते. एकट्याने वाऱ्यात उचललीस तर शीड होतं तिचं. मी चार पावलं तिच्या मर्जीने चाललोय.

कडांचं मघाशी म्हणालो ते असं. प्लाय पाणी पितो तो कापलेल्या कडेतून, तोंडावाटे प्यायल्यासारखा. मी तीन भिंतींच्या कडांना रंगाचे दोन हात दिले आणि चौथीच्या वेळेला डबा संपला म्हणून 'मागचीच तर आहे' म्हणत सोडून दिली. एका पावसाळ्यात ती खालून फुगली, पापुद्रे सुटले, बोट दाबलं तर आत जायचं. रंग एखादा हात कमी पडत असेल तर पृष्ठभागावर पडू दे, कडांवर नको. आणि खोकं मातीवर टेकवू नकोस. चार कोपऱ्यांखाली आणि मधे विटा दे, खालून वारा खेळला पाहिजे. वाळवी मातीतून येते.

आतून सगळं काळं कर, पण चमक नसलेल्या रंगाने, आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत बसू नकोस. मागची खिडकी विसर. पहिल्यांदा मी हवेसाठी मागेही झरोका ठेवला होता, नेमका डोक्याच्या रेषेत. समोरून बघणाऱ्याला उजेडात माझं डोकं छायाबाहुलीसारखं हलताना दिसत होतं. बगळा एकदा माझ्याकडे मान तिरकी करून बघून शांतपणे उडून गेला तेव्हा कळलं. पक्ष्याला खोक्याचं काही वाटत नाही, त्याला हालचालीचं वाटतं. झरोका हवाच तर छपराच्या कडेखाली ठेव.

खिडकीच्या झाकणाला बिजागरी लावू नकोस, ती वाजते. दोन पट्ट्यांच्या खाचेत सरकणारी फळी कर आणि खाचेत मेणबत्ती घास. एका बोटाने सरकते आणि आवाज नाही. दाराला मी बिजागरीऐवजी जुन्या कमरेच्या पट्ट्याचे दोन तुकडे मारलेत. दिसायला भिकार आहे, पण तीन वर्षांत कुरकुरलं नाही. जमिनीवर सतरंजीचा तुकडा टाक.

जागा निवडताना सूर्य पाठीशी राहील असं बघ. पहाटे बसणार असशील तर पहाटेचा, संध्याकाळी बसणार असशील तर तेव्हाचा. जमीन ज्याची असेल त्याला विचार. चारही कोपरे खुंट्या मारून दोरीने आवळ. आणि घरट्याच्या जवळ अजिबात नको. पिल्लांवर नको ती वेळ येते, आणि पाखरूही सोडत नाही: 1937 साली एरिक हॉस्किंग हा नावाजलेला पक्षी-छायाचित्रकार रात्री घुबडाच्या घरट्याजवळच्या आपल्या लपणाकडे गेला आणि घुबडाच्या नख्यांनी त्याचा डावा डोळा गेला. पाण्याच्या जागी बस.

उभं केल्यावर निदान दोन आठवडे तिकडे फिरकू नकोस. हे मला सगळ्यांत जड गेलं. पाखरं सरावली की मग जा, उजाडायच्या आत, आणि जमलं तर वहिनींना बरोबर ने. दोघं आत शिरा, आणि वहिनी लगेच बाहेर पडून मोकळ्यावरून चालत जाऊ देत. बऱ्याच पाखरांना वाटतं, आलेलं माणूस गेलं. कावळ्यांवर हे चालेलच असं नाही.

आणि इतकं सगळं करून काय झालं म्हणशील, तर खंड्या आला. रोज येतो. पत्र्याच्या बाहेर काढलेल्या कडेवर बसतो, बरोबर माझ्या डोक्यावर. तिथून सूर मारतो, मासा घेऊन परत तिथेच, आणि तो मासा पत्र्यावर आपटून आपटून मारतो. आत मला सगळं ऐकू येतं. फोटो एकही नाही. आता खिडकीसमोर पाण्यात एक वाळकी फांदी रोवलीय, बघू ती त्याला पत्र्यापेक्षा बरी वाटते का.

तू तेवढं बसल्या डोळ्यांचं माप कळव. दोन्ही कळव, ताठ आणि ढेपाळलेलं. तोवर खिडकी कापू नकोस.

तुझा,
आखडल्या मानेचा