वकील ताई, शनिवारच्या पालक सभेत तुमचं नाव मी सुचवणार आहे

ताई नमस्कार,

परवा गल्लीत भेटलात तेव्हाच बोलायचं होतं, पण दुकानात दोघीजणी मापाला थांबलेल्या आणि तुम्हाला स्वारगेटवरून मेट्रो पकडून कोर्टात पोचायचं होतं, त्यामुळे राहूनच गेलं. म्हणून आज रात्री मशीन बंद करून लिहायला बसले. उघडच लिहितेय, सगळ्यांनी वाचावं म्हणून. कारण तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीला उभ्या राहताय हे कळल्यापासून आपल्या धनकवडीत जे काय काय कानावर येतंय ना, वकील बाईला काय गरज पडलीय, उद्या नगरसेवक व्हायचं असेल, वगैरे, ते ऐकून मला गप्प बसवत नाहीये. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मला माहितीय, मग मीच सांगायला पाहिजे.

मागच्या जूनची गोष्ट. मुलाच्या बाबांचा हात फ्रॅक्चर झाला, चार महिने काम नाही, आणि त्याच्या आधीच्या प्रायव्हेट शाळेची फी थकली, अठरा हजार चारशे. आम्ही ठरवलं की पाचवीला मनपाच्या शाळेत घालू. तर जुनी शाळा म्हणाली आधी फी भरा मग दाखला. आणि इकडे नवीन शाळेत गेले तर म्हणाले दाखला आणा मग बघू. मी रोज इकडून तिकडे, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, दुकान बंद ठेवून. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी पोरगं घरातच. माझ्या मशीनच्या पायाशी बसून असायचा. एकदा बघते तर मापाच्या खडूने अस्तराच्या कापडावर तेराचा पाढा लिहीत बसलेला, तेरा साती एक्क्याण्णव पर्यंत आला होता आणि कापड संपलं म्हणून उलट्या बाजूला लिहायला लागलेला. मी ते कापड धुतलं नाही अजून.

त्याच दिवशी तुम्ही कोट घेऊन आलात. काळा कोट, आतल्या खिशाचं अस्तर पार फाटलेलं, कागद कोंबून कोंबून. तुम्ही विचारलंत हा शाळेत नाही का गेला आज, आणि मला रडूच आलं. लोकं अशा वेळी म्हणतात होईल सगळं नीट, तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत. स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, दाखला मागायचा अर्ज लेखी दिलाय का? मी म्हणलं नाही, तोंडीच. मग म्हणालात, तोंडी मागितलेलं मागितलेलं नसतं.

तिथंच माझ्या बिलबुकाच्या मागच्या पानावर तुम्ही अर्ज लिहिलात आणि मला वाचायला लावलात, ओळ न ओळ, समजेपर्यंत. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्याचं कलम 5, त्यात लिहिलंय की मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. म्हणजे मी तीन आठवडे ज्या दोन दारांमध्ये हेलपाटे मारत होते त्या दोन्ही दारांचं उत्तर एकाच कलमात होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही हेही स्पष्ट सांगितलंत की फी देणं लागता तर ती द्यायचीच, हप्ते पाडून घ्या, पण पोराचा दाखला काही गहाण ठेवायची वस्तू नाही. ते मला फार पटलं ताई, कारण आम्हाला फी बुडवायची नव्हतीच. आजही दर महिन्याला हजार रुपये जातात.

अर्ज दोन प्रतीत, एक त्यांना द्यायची, दुसरीवर आवक नंबर आणि गोल शिक्का, पोच मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. हे तुमचे शब्द मी पाठ करून गेले होते. खिडकीवरचा माणूस म्हणाला ठेवून जा, शिक्का नंतर मारतो. पूर्वीची मी असते तर ठेवून आले असते. मी म्हणलं थांबते मी, आणि चाळीस मिनिटं बाकावर बसून राहिले. शिक्का मिळाला. तीच पोच घेऊन दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर मनपाच्या शाळेत आलात, कोर्टाची सकाळची तारीख दुसऱ्या वकिलांना बघायला सांगून. मुख्याध्यापिका बाईंपुढे आवाज चढवला नाहीत, फक्त कलम वाचून दाखवलंत, आणि बाई पण चांगल्या, म्हणाल्या वर्गात बसवा याला, ऑनलाइन नाव चढवायचं आम्ही बघतो. अकराव्या दिवशी जुन्या शाळेतून दाखला पण आला.

फी विचारली तर घेतली नाहीत. उलट कोटाच्या अस्तराचे दीडशे रुपये माझ्या हातात ठेवलेत, मी नको नको म्हणत असताना, की तुमचं काम आहे ते, पैसे घ्यायचेच. आणि जाताना एवढंच बोललात की पालक सभेला येत जा, बस.

आता त्या समितीबद्दल, कारण बऱ्याच जणींना ती काय असते तेच माहिती नाही, मलाही नव्हतं. सभेत रजिस्टर फिरायचं, आम्ही सह्या करायचो, घरी जायची घाई, आणि नंतर कळायचं की समिती झाली. कोण सदस्य, कधी झाले, विचारायचं सुचायचंच नाही. कायद्याच्या कलम 21 प्रमाणे त्या समितीत किमान 75 टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत. सदस्य पालक सभेतून निवडायचे, अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा करायचा आणि आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते बघायचं, हे त्या समितीचं काम. म्हणजे आपलंच काम. पूर्वी लोकं म्हणायची मंडळाची शाळा आहे, मंडळ बघेल. आता ते मनपाचं शिक्षण मंडळही राहिलं नाही.

आणि ती दाराच्या कडीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तुमची मुलगी आणि माझा मुलगा एकाच वर्गात. ती दिवसभर पाणी पीत नाही हे तुमच्या लक्षात आलं, बाटली रोज भरलेली परत यायची. विचारलं तर म्हणाली मुलींच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही, एक आत गेली की दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं, आणि धरणारी कधी कधी मस्तीत सोडून देते. दहा वर्षांच्या पोरी ताई! आणि आम्ही सगळ्या आया रोज गेटपर्यंत जातो, एकीनेही आत जाऊन बघितलं नव्हतं. तेव्हा कुणीतरी म्हणालं की वकील बाई, तुम्हीच लावून टाका ना एक कडी, कितीशी येते. तुम्ही लावलीत, त्याच संध्याकाळी, हार्डवेअरच्या दुकानातून आणून. पण तुम्ही जे म्हणालात ते मी विसरणार नाही, की ही मी लावली, पुढच्या वर्षी तुटली तर कोण लावणार, आणि ज्या शाळेत माझी मुलगी नाही तिथं कोण लावणार.

मग तुम्ही समग्र शिक्षा म्हणून शाळांसाठी सरकारी योजना आहे, तिच्या अनुदानाचं सांगितलंत. शाळेच्या पटावर 250 च्या वर आणि हजारापर्यंत मुलं असतील तर वर्षाला 75 हजाराची तरतूद असते, आणि त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी वापरायचे असतात. आपल्या शाळेचा पट चारशेच्या आसपास. म्हणजे साडेसात हजार. मी शिवणकाम करणारी बाई, मला हिशोब लगेच कळतो, साडेसात हजारात किती कड्या आणि किती नळ होतात. आराखड्यात लिहिलं, बैठकीच्या इतिवृत्तात आलं, की ते मागता येतं, आणि मिळालं नाही तर का नाही हे विचारता येतं. तोंडी मागितलेलं मागितलेलं नसतं, तेच परत.

तर जे म्हणतात वकील बाईला काय गरज, त्यांना मला विचारायचंय की गरज नसलेल्या माणसानं रोज संध्याकाळी थकून आल्यावर चौथ्या मजल्यापर्यंत चढून आयांना भेटायला कशाला जावं? स्वतःच्या मुलीला याच शाळेत, मराठी माध्यमात घातलेली बाई आहे ही. ह्या समितीत मानधन नाही, गाडी नाही, दोन वर्षं दर महिन्याला बैठकीला बसायचं आणि कागद वाचायचे. मला तर उलट भीती वाटते की तुमच्यावर फार ओझं पडेल. म्हणून मी सांगून ठेवते, तुम्ही निवडून आलात तरी आम्ही घरी बसणार नाही. आराखड्यासाठी वर्गावर्गात जाऊन काय तुटलंय काय गळतंय ते लिहून काढायचं काम माझ्याकडे द्या, दोघी तिघी तयार आहेत माझ्याबरोबर.

आणि नाही निवडून आलात, तरी माझं ऋण काही कमी होत नाही. माझा मुलगा सहामाहीला गणितात वर्गात दुसरा आला, पहिली तुमची मुलगी, हे तुम्हाला माहितीच आहे.

शनिवारी अकरा वाजता सभा आहे. दुकान बंद ठेवणार आहे, तशी पाटी आत्ताच लिहून दाराला लावलीय. बाकीच्यांनी पण या, अर्धा तास काढून या, आणि रजिस्टरवर सही करायच्या आधी वर काय लिहिलंय ते वाचा. तुमचं नाव सुचवायला मी उभी राहीन तेव्हा माझा आवाज थोडा कापेल कदाचित, चारचौघात कधी बोललेले नाही, पण बोलणार.

आणि ताई, कोटाच्या दुसऱ्या खिशाचं अस्तर पण विरलंय, त्या दिवशी बघितलं मी. शुक्रवारी संध्याकाळी आणून द्या, सकाळपर्यंत करून ठेवते. दीडशेच घेईन.

तुमची,
पाचवीतल्या मुलाची आई, फॉल-पिकोच्या दुकानातली