चवथीला येतो, माटोळी मात्र दुसऱ्या कुणाला बांधू दे

ताळगाव,
१० ऑगस्ट २०२०

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या आमवाताचा विषय निघाला की आई रडवेली होते आणि बाबा "बरं बरं, बघू" म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहितोय. पेन धरलं की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, तेव्हा टाईप केलेलंच वाचून घ्या.

चवथीला आम्ही येणार, त्याची काळजी नको. पण बाबा, तुम्ही परवा म्हणालात, "भावकीत सांगून टाकलंय, कोरोनामुळे तो यंदा माटोळीला हात लावणार नाही." ते तेवढं परत घ्या. गणपतीवर टांगायची ती फळाभाज्यांची माटोळी मी बांधणार नाही हे खरं, पण ते माझ्या आमवातामुळे. कोरोना आज ना उद्या जाईल. पुढच्या चवथीलाही माझी मनगटं हीच असतील, तेव्हा भावकीला काय सांगायचं?

मार्चपासून ही सोय सगळ्यांनाच झाली आहे. बारशाला गेलो नाही, कोरोना. कुणाला भेटलो नाही, कोरोना. पुढे कुणी विचारतच नाही. ऑफिसचंही तेच. सकाळी बोटं वळायला तासभर लागतो, थोडे दिवस घरून काम करू द्या, असं मी पूर्वी विनवत होतो तेव्हा ते "शक्यच नाही" होतं. टाळेबंदी लागली आणि सगळं ऑफिस दोन दिवसांत घरी बसलं. आनंद झाला, आणि राग त्याहून जास्त आला.

घरी बसून आराम मिळाला असेल असं आईला वाटतं. सुरुवातीला मलाही वाटलं होतं. पण भांडी घासायला येणारी बाई बंद झाली, आणि पिळून फडकं वाळत घालणं म्हणजे काय असतं ते मनगटांना कळलं. दिवसातून दहादा हात धुवायचे, म्हणजे दहादा नळ पिळायचा. शेवटी बेसिनला दांडीचा नळ बसवून घेतला, कोपरानं ढकलला तरी चालतो. दुकानाबाहेर चुन्यानं आखलेल्या चौकोनात उभं राहायचं असायचं. रांग हलेपर्यंत पावलं सुजायची. चाळिशीही न आलेला धडधाकट दिसणारा माणूस पायरीवर बसला की लोक कसे बघतात, ते मास्कवरच्या डोळ्यांतही कळतं.

आता गोळ्यांचं. बाबा, मार्चच्या अखेरीस हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा जो गदारोळ झाला, तो तुम्ही बातमी म्हणून वाचलात. माझी ती रोजची गोळी आहे. केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, आयसीएमआरनं, कोरोना होऊ नये म्हणून ती सुचवली होती आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि बाधितांच्या घरच्यांना. लोकांनी मात्र पाकिटंच्या पाकिटं घरात नेऊन ठेवली. सरकारनं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली तोवर पणजीतल्या दुकानांत मला "नाही, संपल्या" ऐकावं लागत होतं. आणि गावी मयेला आपल्या देवघराच्या कपाटात दोन पाकिटं होती, "असू देत घरात" म्हणून! तुम्ही ती दूधवाल्या गाडीबरोबर पाठवलीत, तेव्हा मी हसलोच. डॉक्टर म्हणाले होते की हे औषध अंगात खूप आठवडे टिकून राहतं, चार दिवस चुकली म्हणून लगेच सांधे धरणार नाहीत. तरी रिकामं पाकीट पाहून झोप लागत नव्हती. आता जूनमध्ये विलायतेतल्या मोठ्या चाचणीत दिसलंय की इस्पितळातल्या कोरोना रुग्णांना त्या गोळीचा फायदा होत नाही. तेव्हा उरलेली कुणाकडे असतील तर ज्याच्या कामाची आहेत त्याला द्यायला सांगा.

दुसरी गोळी, आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेट. तीच आईला सलते. व्हॉट्सॲपवर आलं की ती प्रतिकारशक्ती मारते, म्हणून "या दिवसांत बंद कर" हा धोशा. आई, माझी प्रतिकारशक्ती मुळात माझ्याच सांध्यांच्या अस्तरावर उठली आहे, म्हणून तिला लगाम घालायचा. गोळी मनानं सोडली तर सांधे भडकतील, मग ते शमवायला स्टिरॉइड लागेल, आणि या दिवसांत ते जास्त घेणं परवडणारं नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय की ताप आला, कोरोनाची शंका आली, तर ती थांबवायची आणि लगेच फोन करायचा. बाकी चालू. हे मी पुन्हा फोनवर समजावणार नाही.

डॉक्टर आता व्हिडिओवरच बघतात. मार्चमध्ये केंद्र सरकारनं तशी नियमावलीच काढली. मूठ वळवून दाखवा, हात वर करा, इथवर ठीक. पण सूज दाबून बघावी लागते, ती फोनमधून कशी दाबणार? तर त्यांनी तुमच्या सूनबाईला शिकवलं: आपलं नख पांढरं होईल इतक्याच जोरानं एकेक सांधा दाबायचा आणि मी "आई गं" म्हटलं की आकडा लिहायचा. ती हे काम जरा जास्तच निष्ठेनं करते.

तर चवथीचं असं करा. माटोळीला शिडीवर धाकट्या काकांच्या मुलाला चढवा. केवणीच्या सालीची दोरी आवळून गाठ मारणं माझ्याच्यानं होत नाही, आणि नारळांचा घड सुटून खाली आला तर गणपतीच्याच डोक्यावर. मी खाली खुर्चीवर बसून काय कुठे बांधायचं ते सांगेन. आजोबा तेच करत, त्यांना कुणी कारण विचारलं नव्हतं. नेवऱ्यांना मुरड घालायलाही मला बसवू नका, लाटून झालेल्या मोजायला बसवा. जमिनीवर पंगतीत बसणार नाही. आणि कुणी विचारलं तर बाबा, "त्याला आमवात आहे, औषध चालू आहे" एवढंच म्हणा. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मधुमेह तुम्ही सगळ्या वाड्याला सांगता.

माणसं कमी बोलवा, हे मात्र कोरोनासाठी. तुम्हा दोघांची वयं बघता मला माझ्यापेक्षा तुमची धास्ती आहे.

गणपती शनिवारी २२ ला, म्हणून आम्ही गुरुवारी संध्याकाळी पोचू. माझी आठवड्याची गोळी एरवी रविवारी रात्री असते, आणि दुसरा दिवस मळमळीत जातो. दीड दिवसाचं विसर्जन, आवराआवर सगळं त्यातच येतं, म्हणून डॉक्टरांना विचारून या वेळेपुरती ती सोमवारी रात्रीवर ढकलली आहे. मंगळवारी सकाळी मला कुणी चहाला उठवू नका.

तुमचा,
बाबू