पाहुणा येण्याआधीची सरबराई शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडायचं ठरलं, तेव्हा माझ्याजवळ स्वयंपाकाची हौस होती आणि माणसांची आवड. बाकी सगळं तुम्ही दिलंत. वाढपी, कॅप्टन, मग बँक्वेट मॅनेजर, असं उभं आयुष्य हॉटेलांत काढून कमावलेलं ज्ञान तुम्ही कमला नेहरू उद्यानातल्या संध्याकाळच्या गप्पांत मला मोकळ्या हाताने दिलंत. त्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत.

पाहुणा दारात येण्याआधीच निम्मी सरबराई झालेली असते, हे तुमचं सांगणं. फोनवर भाडं सांगण्याआधी तुम्ही मला विचारायला लावलंत: किती वाजता पोचणार, शेवटचं कधी जेवलेले असाल, जिना चढताना कोणाला त्रास होतो का? लोहगाव विमानतळावरून अपरात्री येणाऱ्याला थाळी नको असते; मऊ भात, मेतकूट, तूप पुरतं. जैन कुटुंब येणार म्हटल्यावर नुसता कांदा-लसूण वगळून भागत नाही. बटाटाही जातो, आणि त्यांच्यातल्या अनेकांना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, म्हणजे चूलच लवकर पेटवावी लागते. गुडघे दुखणाऱ्या आजींना पर्वतीच्या १०३ पायऱ्या सुचवायच्या नाहीत, पाताळेश्वराचं लेणं सुचवायचं.

वाढण्यावर तुम्ही बोलायला लागलात की मी घड्याळ विसरायचे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे, हे आजीचं बघून मला येत होतं. उजव्या हाताने जेवणाऱ्याला जे वारंवार लागतं ते त्याच्या हाताशी हवं, हे कारण तुम्ही उलगडलंत. आमटीची वाटी अर्धी झाली की वाढप्याने तिथे असावं, हेही. ‘अजून काही हवं का?’ विचारलं की भिडस्त माणूस ‘नको’ म्हणतो. तोच पातेलं घेऊन समोर गेलं की वाटी पुढे करतो. आणि आग्रह एकदाच. हात आडवा आला की पुढच्या ताटाकडे वळायचं, कारण पानात टाकायला लागणं ही पाहुण्याला शिक्षा आहे. हे मला इतकं पटलंय की आता घरच्या कार्यातही मी तसंच वाढते.

शहराची अडचण पाहुण्याने पैसे भरण्याआधीच सांगायची, हा तुमचा आग्रह मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी पेठेत गाडी येत नाही, सामान घेऊन चालावं लागेल, ढोल-ताशे रात्रभर ऐकू येतील. पालख्या मुक्कामाला असतात तेव्हाही रस्ते बंद असतात. हे ऐकून काहीजण तारीख बदलतात. जे येतात ते मात्र मिरवणूक बघायलाच आलेले असतात, आणि त्यांची सोय करताना फार आनंद होतो. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला येणारी मंडळी रात्री गारठून परततात. त्यांच्या खोलीत गरम पाण्याचा थर्मास आधीच ठेवायचा, हेही तुमचंच.

बाहेर खायला कुठे पाठवायचं यावर तर किती बोललो आपण! दुपारी तीननंतर मराठी थाळी मिळणं कठीण, म्हणून केळकर संग्रहालय जेवणानंतर ठेवायचं. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ गोडसर असते, हे कोल्हापूरच्या पाहुण्याला आधी सांगायचं. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने मुंबईला जाणाऱ्याला पोटभर नाश्ता द्यायचा नाही. १९३० पासून धावणाऱ्या त्या गाडीत डायनिंग कार आहे, तिथे बसून ऑम्लेट खाण्याची मजा त्याच्यासाठी राखून ठेवायची. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवायची, याची आठवण मात्र तुम्ही गप्पा थांबवून, गंभीर होऊन केलीत.

काका, एवढं शिकवून तुम्ही कधी मोबदल्याचा विषयही काढू दिला नाहीत. आमच्याकडे आता दोन मुली कामाला आहेत. तुमचं सांगणं त्यांच्यासाठी वहीत उतरवून काढायचं मनात आहे. तुमची परवानगी हवी, आणि लिहून झाल्यावर तुमची नजर. काकूंना घेऊन रविवारी जेवायलाच या. काकूंचं पथ्य काय आहे, तेवढं आधी कळवा.

आपली,
सदाशिव पेठेतली पुतणी