एका कामापुढे एकच नाव: काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तीन मशीन असेपर्यंत वर्कशॉपमधलं सगळं मालकाच्या डोक्यात मावतं. सातवं सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) बसलं, की कुठला जॉब कुठे अडकलाय हे कळायला चार जणांना हाका माराव्या लागतात. भोसरीतल्या दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देणाऱ्या आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्यांना नेमक्या या वळणावर तुम्ही जे शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. जरा सविस्तर लिहितोय. शेजारच्या गाळ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

आधी तो मिनिटांचा हिशेब. आठ तासांची पाळी म्हणजे 480 मिनिटं, एका नगाला 4 मिनिटं, म्हणून 120 नग, असं उद्दिष्ट सर्रास लावलं जातं. जेवणाची 30, दोन चहांची 20, सेटिंग करून पहिला नग पास होईपर्यंतची 25 मिनिटं वजा केली की उरतात 405, म्हणजे 101 नग. उत्पादनाच्या बोर्डावर 100 लिहायचे. 120 लिहिले तर ते कधीच होत नाहीत आणि त्या आकड्याकडे कुणी बघेनासं होतं. जो बघतो, तो वेळ वाचवायला गेज (माप तपासायचं साधन) लावणं सोडतो, आणि ते जास्त महागात पडतं.

उदाहरणार्थ 25 मिमीचं बोअर (भोक), टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शून्य ते अधिक 21 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). इन्सर्ट (कापणारं पातं) झिजत जातो तसं बोअर लहान होत जातं. दर दहाव्या नगाला गो-नोगो गेज (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये) लावलं तर वेळेत ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) देता येतो. पाळी सुटताना लावलं तर अख्खा क्रेट रीवर्कला. नुकताच निघालेला गरम नग मोजायचा नाही, हेही तुमचंच सांगणं. 20 अंशांच्या फरकाने एवढ्या स्टीलच्या बोअरमध्ये 5-6 मायक्रॉन इकडचे तिकडे होतात, आणि मशीनजवळ पास झालेला नग निवल्यावर नापास होतो. म्हणूनच नगांच्या रकान्याला लागूनच रिजेक्शनचा रकाना आखायला लावलात.

बोर्ड तासातासाला भरायचा, आणि तो ऑपरेटरनेच. संध्याकाळी एकदम भरलेले आकडे आठवून लिहिलेले असतात. तासाला 15 नग झाले नाहीत तर पुढे कारण आणि मिनिटं: माल नाही, टूल, सेटिंग, गेज नाही, मशीन बंद. शनिवारी मिनिटांची बेरीज करायची आणि सगळ्यात मोठं जे कारण निघेल, त्या एकावरच पुढचा आठवडा काम करायचं. माल उशिरा आला तर ती मिनिटं स्टोअरच्या नावावर, ऑपरेटरच्या नाही. हे पाळलं नाही तर माणसं कारणं लपवू लागतात, आणि मग बोर्डचा काहीच उपयोग नाही.

सगळ्यात जास्त ऋण आहे ते नावाच्या रकान्याचं. एका कामापुढे एकच नाव आणि तारीख. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात. 'प्रॉडक्शन' किंवा 'ऑफिस' हे नाव नव्हेच. सकाळच्या दहा मिनिटांच्या उभ्या बैठकीत ज्याचं नाव, त्यानेच बोलायचं. मालकाने मध्येच उत्तर दिलं की ती जबाबदारी परत मालकाकडेच येते.

वसुलीलाही तुम्ही हाच नियम लावलात. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला पैसे आले नसले तरी 20 तारखेला जीएसटी भरावाच लागतो, म्हणून दर शुक्रवारी थकबाकीची यादी आणि त्यावर एकाच माणसाचं नाव. बिलावर आपला उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंद) क्रमांक. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने ग्राहकाला पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, तेव्हा मालाच्या चलनावर ग्राहकाचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत आणायचा नाही. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही अशी तरतूद आहे, की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत ती रक्कम ग्राहकाला खर्च म्हणून दाखवता येत नाही. ग्राहकाच्या अकाउंट्सशी बोलताना हा मुद्दा शांतपणे मांडायचा, आवाज चढवायचा नाही, हे तुम्ही किती वेळा बजावलंत!

दुसऱ्या पाळीची ओळ बोर्डावर आखून झाली आहे. नावाचा रकाना अजून रिकामा आहे. तिथे मालकाचं नाव लिहायचं नाही, हे लक्षात आहे, काका.

आपले नम्र,
शॉपमधले आम्ही सगळे