रिपोर्टमधलं एलडीएल मोजलेलं की वजाबाकीने काढलेलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात ह्यांचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला, टोटल कोलेस्ट्रॉल 190, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्ट्रॉल) 36, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 390 आणि एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्ट्रॉल) फक्त 76, मग काय घरात सगळे खूश, ट्रायग्लिसराइडकडे कोणाचं लक्षच नाही. मी शाळेत 31 वर्षं गणित शिकवलंय, आकडे दिसले की हात आपोआप कागदाकडे जातो. 390 भागिले 5 म्हणजे 78. 190 मधून 36 गेले, 78 गेले, उरले बरोबर 76! म्हणजे लॅबने एलडीएल मोजलंच नव्हतं. त्यात आदल्या रात्री लग्नाचं जेवण, सकाळी चहा-बिस्किट, आणि उपाशी आहात का हे रक्त घेताना कोणी विचारलंही नाही. आठ दिवसांनी बारा तास उपाशी राहून परत टेस्ट केली तर ट्रायग्लिसराइड 210, टोटल 188, एचडीएल 38 आणि एलडीएल 108.

हे सूत्र फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांचं, 1972 सालचं. व्हीएलडीएल म्हणजे रक्तातून ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण, त्यांतलं कोलेस्ट्रॉल ट्रायग्लिसराइडच्या एक पंचमांश धरायचं, हे त्यातलं गृहीतक. रक्त उपाशीपोटीचं हवं आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर सूत्र वापरायचंच नाही. आमचे हे अगदी काठावर होते, पण रिपोर्टवर त्याबद्दल एक ओळ नाही.

नंतर डॉक्टरांनी उपाशीपोटीचं इन्सुलिन करायला सांगितलं. साखर 98, म्हणजे नॉर्मल, इन्सुलिन 14. दोघांचा गुणाकार करून 405 ने भागलं की होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही त्याचा अंदाज, तो आला 3.4 च्या आसपास. हे मॉडेल 1985 मध्ये ऑक्सफर्डला तयार झालं. साखर मिलिग्रॅमऐवजी मिलीमोलमध्ये असेल तर भाजक 22.5, आणि तो आला कुठून तर निरोगी तरुण माणसाचं इन्सुलिन 5 आणि साखर 4.5 धरली, 5 गुणिले 4.5! म्हणजे साखर 98 वर ठेवायला ह्यांच्या स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय ते साखरेच्या आकड्यात दिसतच नाही, ह्या गुणाकारात दिसतं. आणि दोन्ही रिपोर्ट तसे एकाच दुखण्याचे, शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचे. चरबीच्या पेशींनी चरबी धरून ठेवायची हा निरोप इन्सुलिन देतं, तो पेशी ऐकेनाशा झाल्या की फॅटी अॅसिड यकृतात जातात, यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलमधून रक्तात सोडतं.

ह्यांचं वजन जास्त नाही बरं का. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1. मग परदेशातल्या माणसांवर बसवलेलं सूत्र आपल्या माणसाला लावताना नॉर्मल कशाला म्हणायचं हे इथल्या माणसांवर तपासून ठरवायला नको का? ते काम संशोधकांचं, पण लॅबवाल्यांना आजपासून करता येण्यासारखं आहे: एलडीएलपुढे 'गणिताने काढलेलं' असं मराठीत छापा, पेशंट किती तास उपाशी होता ते लिहा, आणि ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर थेट मोजणी करून घ्या असं सांगा. आपल्या आरोग्य पानावर ही दोन्ही गणितं एकदा सोडवून दाखवाल का? सातवीच्या मुलालाही जमतील एवढी सोपी आहेत.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, पुणे